बिनपट्ट्याची क्लिप

मित्रांनो, मी एक जुनी क्लिप आहे. गाडीतल्या सीटच्या पट्ट्याला असते ना, तशीच; फक्त मला पट्टा नाही. माणसाला धरून ठेवणं माझ्या नशिबी नव्हतं. पट्टा अडकवायच्या खाचेत बसायचं आणि गाडीला सांगायचं, "पट्टा लावलाय, गप्प बस." एवढ्यासाठी मला पोलादात घडवलं, घासूनपुसून चकचकीत केलं. खोटं बोलायला इतकी सफाई लागते, हे मला कारखान्यातच कळलं.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या एका सरांनी मला घेतलं. कारण साधंच. शेजारच्या सीटवर ते वह्यांची पिशवी ठेवत आणि तिला माणूस समजून गाडी टिंगटिंग करत राही. मी खाचेत बसले, टिंगटिंग बंद. "काय कामाची वस्तू आहे!" सर म्हणाले. एवढं कौतुक माझं पुन्हा कधी झालं नाही.

सर शिकवायचे छान. ताशी चाळीसच्या वेगाने आपटणं म्हणजे दुसऱ्या मजल्यावरून पडणं. गाडी थांबली तरी आतला माणूस त्याच वेगाने पुढे जातो. मुलं उतरवून घेत. त्या वह्या माझ्याच शेजारी असत.

एका रविवारी वह्यांच्या जागी सरांच्या पत्नी बसल्या. त्यांनी पट्टा ओढला, तर खाचेत मी.

"अहो, हे काय कोंबून ठेवलंय इथे?"

"राहू दे गं. दोन चौक तर जायचंय."

"आणि वर्गात पोरांना काय सांगता?"

"ते परीक्षेपुरतं!"

दोघंही हसले. बाईंनी पट्टा सोडून दिला.

दुसऱ्या चौकात ट्रक आडवा आला. वेग चाळीसच होता. गाडी थांबली. सरांचा पट्टा ताणला गेला, सर थांबले. बाई थांबल्या नाहीत. एअरबॅग उघडली; पण तिलाही पट्ट्याची साथ लागते. मला ओरखडासुद्धा नाही. लोकांनी बाईंना बाहेर काढलं तेव्हाही मी गाडीला सांगतच होते, पट्टा लावलाय.

आता सरांकडे दुसरी गाडी आहे. तिच्या कप्प्यात मी पडून असते. सरांनी मला पुन्हा वापरलं नाही, फेकलंही नाही. रोज सकाळी ते शेजारच्या सीटवर वह्यांची पिशवी ठेवतात. गाडी टिंगटिंग करते. सर पट्टा ओढतात, पिशवीभोवती नीट घेतात, खाचेत अडकवतात, एकदा हिसका देऊन बघतात. मग निघतात.

मित्रांनो, माझी एकच विनवणी आहे. मला विकत घेऊ नका. मी कधी बिघडत नाही.