कॅसेटमधलं हसू

माझी बायको सव्वीस वर्षं प्रार्थनाघरात पहिल्या रांगेत बसली. प्रार्थनेची पहिली ओळ तिची, मग बाकीच्यांची. मी आत कधी पाऊल टाकलं नाही. रेडिओ, भोंगे, अँप्लिफायर दुरुस्त करण्यात माझा जन्म गेला. न दिसणाऱ्या गोष्टींपैकी मी फक्त विजेला मानतो. पण संध्याकाळी तिचा आवाज गल्ली ओलांडून दुकानात यायचा तेव्हा माझा हात थांबायचा, हे नाकारत नाही. मी तिला भोंगाच म्हणायचो. ती म्हणायची, "भोंग्याशी लग्न केलंत ना? मग आता आवाज कमी करायचं बटण शोधू नका."

वर्षाच्या सुरुवातीला तिच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी कापली. म्हणाले, जीव वाचला, आवाजाची नस काही वाचली नाही. सांगताना चेहऱ्यावर समाधान असं, की दोनातला एक प्रश्न सुटला म्हणजे पोरगं पास. तेव्हापासून ती बोलते ते स्टेशन न सापडलेल्या रेडिओसारखं. नुसती खरखर, आणि तीही कान जवळ नेला तर.

प्रार्थनाघर चालवणाऱ्या मंडळाचा चिटणीस घरी आला. तोंडात खडीसाखर असल्यासारखा बोलतो. "ताई, तुमची जागा तुमचीच. तिथे दुसरं कुणी बसणार नाही."

शब्दाला जागला. दुसरं कुणी बसलं नाही. महिन्याभरानं तिच्या जागेवर स्पीकरचं खोकं ठेवलं, आणि त्यातून तिचाच आवाज यायला लागला.

तो आवाज माझ्या कॅसेटमधला. आठ वर्षांपूर्वी कुणाचा तरी टेपरेकॉर्डर दुरुस्त करून घरी आणला होता, तपासायला म्हणून रेकॉर्डिंग चालू केलं. ती स्वयंपाकघरात फळ्या पुसत प्रार्थना म्हणत होती. मधेच मी विचारलं, "अगं, चहा टाकतेस का?" ती थांबली. "देवाशी बोलतेय, दिसत नाही? तोवर गाळणी धुवा." मग हसली, चांगली खळखळून, आणि सोडलेली ओळ बरोब्बर तिथूनच उचलली. ऑपरेशननंतर मी ते पेनड्राइव्हवर उतरवलं. मुलानं एक प्रत मागितली. "छोटीला आजीचा आवाज ऐकवतो, बाबा." दिली.

आमचे चिरंजीव तेव्हा नुकतेच मंडळाच्या कमिटीत गेले होते. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर त्यानं माझा चहा कापला, गाळणी कापली, हसू कापलं, आणि उरलेली आई मंडळाला देऊन टाकली.

रविवारी तो घरी आला तेव्हा मी विचारलं, "आईला विचारलं होतंस?"

"तिला आनंदच होईल. इतक्या वर्षांची सेवा वाया जायला नको."

"आणि सेवा करणारी बसणार कुठे?"

"मागे, दारापाशी. पुढे बसली की लोकांना कसंतरीच होतं हो. आवाज तिचा, आणि बाई गप्प." मग जरा चाचरत म्हणाला, "नाहीतर तिनं पुढे बसून नुसते ओठ हलवावेत. मंडळ तयार आहे. मी शब्द टाकलाय."

मी काही बोलायच्या आत ती त्याच्याजवळ गेली. "देवापुढे खोटे ओठ हलवायला लावू नकोस मला," ती खरखरली. "मी मागे बसेन."

आणि बसली. रोज संध्याकाळी, चपलांच्या ढिगाला खेटून. मी म्हणायचो, "घर तुझं आणि उंबऱ्यावरही तूच. कशाला जातेस?" ती मान फिरवायची. परत यायची तेव्हा डोळे ओले असायचे. मी समजायचो, अपमान गिळून आली. माझ्या डोक्यात वाफ कोंडत होती.

वर्ष सरत आलं. वार्षिक सभेच्या आदल्या दिवशी मंडळाचा अँप्लिफायर बसला. मुलगा तो खांद्यावर घेऊन दुकानात आला, वर पेनड्राइव्हही ठेवला. "बाबा, चालवूनच द्या. बाहेरगावचे लोक येणार आहेत."

आत एक कपॅसिटर फुगला होता, चिटणिसासारखा. अर्ध्या तासात बदलला. मग पेनड्राइव्हवरचं त्याचं पुसलं आणि माझं अख्खं घातलं.

दुसऱ्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मी प्रार्थनाघराच्या दारात उभा राहिलो. ती नेहमीच्या जागी, डोळे मिटून. स्पीकरमधून तिचा आवाज घुमला, दोन कडवी झाली, आणि छतापासून जमिनीपर्यंत माझा आवाज दणाणला: "अगं, चहा टाकतेस का?"

गाळणीपर्यंत पोरं हसत सुटली. तिचं हसू आलं तेव्हा सगळं सभागृह हसत होतं. चिटणीस धावला आणि घाईत बटण उलटं फिरवून आवाज आणखी वाढवून बसला. माझी छाती फुगली. म्हटलं, घ्या, ही आहे माझी बायको, अख्खी.

मग तिच्याकडे पाहिलं. डोळे उघडे होते. हात गळ्यावर होता.

बाहेर मुलगा म्हणाला, "भर सभेत आईचा तमाशा केलात."

"तू तिचा स्पीकर केलास."

त्यानंतर तो आलेला नाही. छोटीलाही पाठवत नाही. मंडळानं ठराव केला, रेकॉर्ड बंद. आता एक तरणी बाई पुढे बसते, नाकात गाते.

बायको आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. मला वाटलं, गळा दुखत असेल. नवव्या दिवशी तिनं माझं डोकं धरून कान तोंडाजवळ ओढला.

"मागे बसून डोळे मिटले की वाटायचं, अजून मीच म्हणतेय. रोज अर्धा तास माझा गळा मला परत मिळायचा."

"अगं, मी तुझ्यासाठीच..."

"त्यानंही माझ्यासाठीच केलं. माझ्यासाठी करायची तुम्हा बापलेकांना भारी हौस. विचारायचं मात्र दोघांच्याही जिवावर येतं."

मी म्हटलं, कॅसेट आहे, घरी लावतो. रोज लावतो.

"इथं कुणाला ऐकवू? तुम्हाला?" ती म्हणाली. "तुमचा तर विश्वासच नाही."

ती आता जात नाही. घरीही हात जोडताना दिसत नाही. ती संध्याकाळी खिडकी लावून घेते, तरी नाकातला आवाज गल्ली ओलांडून येतोच. मग चहा टाकते, न विचारता, आणि माझा कप ओट्याच्या कडेला ठेवून खोलीत जाते.

मी गाळणी धुतो. ती बघायला थांबत नाही.