सातवं वेटोळं

शिवांजलीने संगणकावर चालू असलेलं गणित मध्येच थांबवलं आणि वेटोळ्याच्या त्रिज्येच्या चौकटीत पुन्हा अठरा मिलिमीटर लिहिलं. पडद्यावर काचेच्या तंतूचा आडवा छेद उमटला. मधे गाभा, त्याभोवती आवरण. गाभ्यात प्रकाशाचा लाल ठिपका होता आणि वळणाच्या बाहेरच्या अंगाला त्याची फिकट शेपटी सुटली होती. शेपटी म्हणजे गळती. फार नव्हती, पण होती. सावरदऱ्याच्या बांधात पुरलेल्या तारेत मात्र पहिल्या मोजणीला ती दिसली नव्हती.

बीडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची ही प्रयोगशाळा शुक्रवारी सकाळी रिकामी असे. शिरूर कासार तालुक्यातल्या सावरदरा तलावाच्या मातीच्या बांधात ऑप्टिकल फायबरची, म्हणजे काचेच्या तंतूची तार पुरून बांधावर नजर ठेवायचं काम शिवांजलीकडे होतं. तीनशे मीटरचा बांध आणि दर पंचवीस मीटरवर डबीत बंद केलेलं तारेचं एक वेटोळं. माती सरकली की तार ओढली जाई, वेटोळं आवळलं जाई आणि आवळलेल्या वळणावर प्रकाश गळे. किती प्रकाश गळला यावरून माती किती सरकली, ते हे गणित सांगत असे.

तलाव यंदा अकरा वर्षांनी भरला होता. मागच्या आठवड्यात पाणी चढल्यावर सातव्या वेटोळ्यात थोडी गळती दिसली. गणिताने तिचा अर्थ नऊ मिलिमीटर असा लावला. नव्याने पाणी चढलं की मातीचा बांध एवढा सरकतोच. पंचवीसच्या वर गेलं असतं तर गेट उघडून पाणी सोडावं लागलं असतं. शिवांजलीने अहवालात ‘बांध सुरक्षित’ असं लिहून सही केली. ती सही होईपर्यंत पाटबंधारे खात्याने बांधावर कुणाला पाऊल ठेवू दिलं नव्हतं, कारण पायथ्याला सव्वाशे घरांची वस्ती होती. आज त्याच बांधावर जलपूजन होतं. मुहूर्त साडेबाराचा होता.

सकाळी एका परिषदेसाठी आलेख काढताना तिला ती विसंगती पुन्हा दिसली. गणिताप्रमाणे न ओढलेल्या वेटोळ्यातूनही किंचित प्रकाश गळायला हवा होता. अठरा मिलिमीटरच्या वळणावर साध्या तारेत तो गळतोच. पहिल्या मोजणीत बाराही वेटोळी शून्य दाखवत होती. तेव्हा तिने ते तार टाकणाऱ्या मामाच्या हाताचं कसब समजून सोडून दिलं होतं.

दार ढकलून मामाच आत आले. मन्मथप्पांचं वडवणीत इंटरनेट केबलचं दुकान होतं. बांधावरची तार त्यांनीच टाकली होती, शिवांजलीच्या शब्दावर. आज कडक इस्त्रीचा सदरा होता आणि कपाळावरची विभूती ताजी होती.

“अगं, तू आजून खुर्चीतच? पहिली ओटी माझी भाची भरणार म्हणून सांगून ठिवलंय मी तिथं.”

“मामा, उरलेली तार आणायला सांगितली होती.”

“आणलीय की. लोकांच्या भाच्या मामाला साडी मागत्यात, आमची तार मागती.”

त्यांनी पिशवीतून गुंडाळी काढून टेबलावर ठेवली. शिवांजलीने तारेच्या अंगावरची बारीक अक्षरं वाचली. गुंडाळी खिडकीपाशी नेऊन पुन्हा वाचली.

“ही नाही, मामा. नकाशात साधी तार होती.”

“मग? ही तिच्यापेक्षा भारी हाय.” मामा खुर्ची ओढून ऐसपैस बसले. हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून ते बरेच महिने थांबले असावेत. “भाचीचं काम, अन् मी हलकी तार घालू व्हय? उद्या लोक तोंडावर म्हनतील, मामानं पैसे खाल्ले. ही घराच्या कोपऱ्याकोपऱ्यातून वळवली तरी नेट तुटत न्हाई. थांब, दावतो.”

त्यांनी पिशवीतून दोन छोटी यंत्रं काढली. तारेचं एक टोक प्रकाश सोडणाऱ्या यंत्राला लावलं, दुसरं मीटरला. मग मधली तार अंगठ्याभोवती गुंडाळली. एक वेढा, दोन वेढे. मीटरवरचा आकडा जवळजवळ जागचा हलला नाही.

“हाय का काय फरक? कितीबी आवळ, हूं न्हाई का चूं न्हाई.”

शिवांजली त्यांच्या अंगठ्याकडे बघत राहिली.

“हे कुणाला सांगितलं होतं?”

“त्यात सांगायचं काय? चांगलं काम दवंडी पिटून करत्यात व्हय?”

ती परत पडद्यापुढे बसली. साध्या तारेचा छेद म्हणजे दोन वर्तुळं, आणि तिने तीच दोन काढली होती. या तारेत गाभ्याभोवती आणखी एक कडं होतं, बाहेर निघालेल्या प्रकाशाला आत ढकलणारं. तिने ते तिसरं वर्तुळ काढलं, त्याचे गुणधर्म भरले, संगणकाला छेदावरची गणिताची जाळी नव्याने विणायला लावली. त्रिज्या अठरा ठेवली. शेपटी नाहीशी झाली. गणिताची गळती शून्य आली, मोजणीसारखीच.

विसंगती संपली होती. पण मग सातव्या वेटोळ्यात दिसलेली गळती या तारेत नुसत्या नऊ मिलिमीटरने होणं शक्य नव्हतं.

“कावून गप झालीस?” मामांनी विचारलं.

“सातव्या वेटोळ्याचं बघते.”

आता ती त्रिज्या एकेक मिलिमीटरने कमी करत गेली. पंधराला शेपटी नव्हती. बाराला नव्हती. दहाला केसाएवढी दिसली. मोजलेल्या गळतीशी गणित जुळायला साडेसातपर्यंत उतरावं लागलं. तिने तार किती ओढली गेली ते काढलं आणि खात्री करायला कागदावर हाताने पुन्हा काढलं. दोन्हीकडे उत्तर एकच आलं, सहासष्ट.

“सहासष्ट काय?”

“मिलिमीटर. सातव्या डबीपाशी बांध इतका फाकलाय. तोही मागच्या आठवड्यात.”

मामांनी अंगठ्यावरचे वेढे सोडवले. तिथे पांढरा वळ उठला होता.

“पन तार चांगली हाय, पोरी.”

“तार चांगलीच आहे, मामा.”

तिने खात्याचे उपअभियंता सुंदरराव यांना फोन लावला. मागून भोंग्याचा आवाज येत होता, म्हणजे ते मंडपात पोचले होते. तिने चार वाक्यांत सगळं सांगितलं.

“मॅडम, मागच्या आठवड्यात नऊ. आज सहासष्ट?”

“तेव्हा मी चुकले होते.”

“आज चुकत नाही कशावरून?”

“तार वेगळी निघाली, साहेब. माणसं हटवा आणि गेट उघडा.”

“हे बघा,” सुंदरराव आवाज उतरवून म्हणाले, “अकरा वर्षांनी आलेलं पाणी मी आज ओढ्याला सोडलं तर लोक मला हितंच पुरतील. मंडपात मोठी माणसं बसलीत. तुम्ही सोमवारी लेखी द्या. मी स्वतः बघतो.”

फोन बंद झाला. घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

बांधाच्या टोकाला चौकीदार गहिनीनाथची खोली होती. मोजणीची पेटी तिथेच होती आणि ती चालवायला शिवांजलीनेच त्याला शिकवलं होतं. त्याने तिसऱ्या वेळी फोन उचलला.

“बोला ताई! कुठं हाव? इथं जत्रा भरलीय. हलगी ऐकू येती का?”

“येते. दादा, पेटीवर आत्ताची मोजणी घ्या.”

“आत्ता? बरं.” बटण दाबल्याचा आवाज आला. “घेतली.”

“रेघ कशी आहे?”

“झ्याक. सरळ हाय.”

“सातव्या खुणेपाशी?”

“तिथवर झ्याक.”

“आणि पुढे?”

“पुढं न्हाईच की. सातावर संपलीय. तार कापली का काय कुनी?”

मामा उभे राहिले. वीस वर्षं ते तुटलेल्या तारा शोधत आले होते. “कापली न्हाई. मातीनं तोडलीय,” ते म्हणाले.

“दादा, बांधावर किती माणसं आहेत?”

“दीडशे असतील. तरणे समदे ऊस तोडायला गेलेत. म्हातारी हायत, लेकरं हायत. बायांच्या ओट्या चालल्यात मधोमध.”

“सगळ्यांना बांधावरून काढा. आत्ता.”

“कावून? तुमचाच कागद लावलाय की दाराला. बांध सुरक्षित, खाली तुमची सही.”

“तो कागद फाडा, दादा.”

पलीकडून कागद फाटल्याचा आवाज आला.

“तुमी म्हनता म्हंजे असंल,” तो म्हणाला. फोन बंद न करताच त्याने खिशात टाकला असावा, कारण पुढचा आवाज कापडातून आल्यासारखा येऊ लागला. तो पळत होता. “ए बायांनो! ऱ्हाऊ द्या त्या ओट्या! लेकरं उचला! बांध सोडा, चला, घरला चला समदे!”

“दादा, घरी नको! खाली नको, टेकडीकडे न्या!” शिवांजली ओरडली. मामांनीही फोनशी तोंड नेऊन हाक मारली. “गहिनीनाथ!” खिशातल्या फोनमधून त्याला काही ऐकू गेलं नाही.

हलगी थांबली. कुणीतरी हसलं, कुणीतरी कुणाचं नाव घेऊन हाका मारल्या. मग बांगड्या आणि पावलं ऐकू येऊ लागली, खूप पावलं, वस्तीच्या उतारावर वेग घेत जाणारी.