चारोटीच्या पुढे न जाणारी गाडी

उमेशमामाने मला त्याची जुनी इलेक्ट्रिक गाडी विकली तेव्हा बॉनेटसमोर नारळ फोडला होता. नारळ चांगला निघाला, एवढं मी मान्य करते.

गाडी मी हौस म्हणून घेतली नव्हती. मी डहाणूच्या एका लॅबमध्ये काम करते. सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली माणसं दारात बसलेली असतात, तिथे उशीर चालत नाही. माझं लग्न ठरलं तुषारशी, तळासरीच्या पुढे झरीला. त्याच्या आईने, जिवलीबाईंनी, बैठकीतच विचारलं होतं, "सूनबाई झरीवरून डहाणूला रोज कशी जाणार?" मी म्हटलं, गाडी घेईन. त्यावर त्या "मग ठीक" म्हणाल्या. माझी नोकरी त्या दोन शब्दांवर टिकली होती.

मामाला हे सगळं माहीत होतं. बैठकीत तो माझ्या शेजारीच बसला होता, आणि भजी त्यानेच संपवली होती. दुसऱ्या दिवशी तो आमच्या सरावलीच्या घरी आला आणि आईला म्हणाला, "बकुळा, पोरगी बाहेर गाडी शोधते आणि माझी घरात उभी? मी नवीन घेतोच आहे. एकदा चार्ज केली की झरीला दोनदा जाऊन येईल. आणि खर्च काय? वाडीतल्या पंपाच्या लाईनवर चार्ज करायचो मी, बिल शून्य!"

बॅटरी तपासून घ्यायची का, असं मी हळूच विचारलं. आईने डोळे वटारले. आमच्यात मामाची वस्तू उलटून पाहत नाहीत. मामाने भाचीला साडी दिली तर तिची घडीसुद्धा त्याच्यासमोर मोडत नाहीत. साडीचं ठीक आहे हो. साडीत बसून कुणी हायवेवर जात नाही.

पहिल्या महिन्यातच गाडीने रंग दाखवले. एका सकाळी दारच उघडेना. कळलं, मोठ्या बॅटरीशिवाय एक छोटीही असते आणि ती मेली की गाडी नुसता पत्रा. ती बदलली. मग चार्जिंगच्या पिना खाऱ्या हवेने गंजलेल्या निघाल्या. मग टायर. या गाड्या आकाराने लहान आणि वजनाने जड, टायर खडूसारखे झिजतात. पेट्रोल वाचतं हे खरं. ते वाचलेलं सगळं मी गॅरेजमध्ये नेऊन देत होते. मामाला फोन केला की तो हसायचा. "अगं जुनी गाडी आहे, थोडंफार चालायचंच."

मग आला बस्त्याचा दिवस. जिवलीबाईंना लग्नाच्या कपड्यांसाठी डहाणूला आणायला मी झरीला गेले. अर्ध्या वाटेवरच्या चारोटीच्या हॉटेलात तासभर चार्ज करूनही पोचेपर्यंत पाव चार्ज उरला. जेवण होईपर्यंत गाडी ओटीवरच्या प्लगला लावून ठेवली. निघताना चाळीस टक्के दिसत होते. हायवेला चाळीसचे वीस झाले आणि चारोटीच्या अलीकडे वीसचे एकदम चार. समोर कासवाचं पिवळं चित्र लागलं, म्हणजे गाडी आता रांगतच जाणार. मागून ट्रकवाले हॉर्न मारून शिव्या देत होते. मी रडकुंडीला येऊन गाडी कडेला घेतली.

सकाळी चाललेला चारोटीच्या हॉटेलातला चार्जर आता बंद होता. जिवलीबाई दुपारभर एका टपरीच्या बाकावर बसल्या. चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. पदराने घाम पुसून त्या एवढंच म्हणाल्या, "रोज अशीच येणार का गं घरी? नोकरीचं बघू मग. लग्नानंतर बोलू."

गाडी टोचन लावून वापीच्या सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या मुलीने मशीन लावून पाहिलं. "बॅटरीची निम्म्याहून जास्त ताकद गेलीय, मॅडम. ही बऱ्याच वेळा शून्यावर तशीच उभी राहिलीय. आधीच्या मालकांना आम्ही सांगितलं होतं. वॉरंटी होती, पण त्यांनी वर्षाची तपासणी कधी केलीच नाही, त्यामुळे गेली."

"सांगितलं होतं? कधी?"

"गाडी विकण्याआधीच आलेले ते. नवीन बॅटरीचा भाव विचारून गेले."

भाव मीही विचारला. मी अख्ख्या गाडीला दिले होते जवळजवळ तेवढेच.

म्हणजे वाडीत वीज आली की चार्ज, नाही आली की पडू दे आठवडाभर शून्यावर, असं त्याने ती मारली होती. तेही एक वेळ जाऊ दे. डहाणूत बाजार-स्टेशन करायला ती गाडी आजही उत्तम आहे. पण मला झरीला जायचंय हे त्याला ठाऊक होतं! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी तशीच त्याच्या घरी गेले. तो नव्या गाडीच्या सीटवरचं प्लास्टिक काढत होता.

"तू एसी लावत असशील," तो म्हणाला. "बायकांना चालवता येत नाहीत या गाड्या. पाय हलका पाहिजे. गाडीत काहीच खोट नाही."

आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "लग्न तोंडावर आलंय, मामाशी वाकडं नको. बोहल्यावर तुझ्या मागे कोण उभं राहणार?" मी गप्प बसले. म्हणजे तोंडाने.

लग्न झरीला, तुषारच्या दारातल्या मांडवात होतं. आमच्याकडे नवरी मामाच्या गाडीतून मांडवात जाते. आजी तिच्या मामाच्या बैलगाडीतून गेली होती. मामाने नवी गाडी झेंडूने सजवून आणली होती. आमच्या अंगणात सगळं वऱ्हाड गोळा झालेलं. मी शालू नेसून, मुंडावळ्या बांधून बाहेर आले आणि जुन्या गाडीचं दार उघडून आत बसले.

"जागृती, इकडे गं," मामा हसत म्हणाला.

"मामाची गाडी ही आहे. तूच विकलीस ना? काल रात्रभर चार्ज केलीय, शंभर टक्के आहे. चल, चालव. तुझा पाय हलका आहे."

लोक हसले. मामा हसला नाही. "आज मस्करी नको. मुहूर्त आहे."

"म्हणूनच लवकर बस. दोनदा जाऊन येते ना ही? आज एकदाच जायचंय. एसीही लावत नाही."

"जागे, ऐक..."

"खोट नाही ना गाडीत? मग बस!"

त्याने आईकडे पाहिलं. आई या वेळी माझ्याकडे बघत होती. मामाने कपाळ पुसलं आणि खाली मान घालून म्हणाला, "चारोटीच्या पुढे नाही जाणार ती."

बँडवाल्याने हातातली सनई खाली केली.

"हे तुला कधी कळलं, मामा?"

तो नव्या गाडीवरचा झेंडूचा हार नीट करायला लागला.

मी उतरले. त्याच्यासमोर हात पसरला. "नव्या गाडीची किल्ली दे. तुझी जुनी गाडी तू परत घे, माझे पैसे आले की ही नवी तुला मिळेल. तोवर मी लॅबला हिने जाणार."

"बकुळा, सांग हिला," मामा म्हणाला.

आई म्हणाली, "दे तिला किल्ली."

शालू खोचून मी स्टेअरिंगवर बसले. मामा मागच्या सीटवर, आईच्या शेजारी, मांडीवर पूजेचं ताट घेऊन. चारोटी आली तसा तो खिडकीबाहेर बघायला लागला. मी वेग कमी केला, त्याला टपरीचा तो बाक नीट दिसावा म्हणून.

झरीला मांडवाच्या तोंडाशी जिवलीबाई ओवाळायला उभ्या होत्या. नवरी पुढच्या दारातून उतरली आणि मामा मागच्या दारातून, हे बघून त्यांच्या हातातली आरती थांबली.

"मामांना बरं नाही का?"

"लाज वाटतेय त्यांना," मी म्हटलं. "ती जुनी गाडी कशी आहे हे त्यांना आधीच माहीत होतं."

जिवलीबाईंनी मामाला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं. मग मला ओवाळलं.

"लॅबला कधी जायचंय?"

"सोमवारी."

"डबा लवकर करावा लागेल मग," त्या म्हणाल्या, आणि मामाला न ओवाळताच वळल्या.