शिवेपलीकडची कोपी

“निवद ठेवला की माघारी वळून बघायचं न्हाई. मरीआई संगं येती,” बायनाबाईंची सासू सांगायची.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत गावातली पाच-सहा माणसं गेली, तेव्हा सगळ्यांना तीच जुनी रीत आठवली. बायांनी दहीभात घेऊन मरीआईला शिवेबाहेर पोचवलं. पाच मंगळवार कुणी शीव ओलांडायची नाही, घरात फोडणी द्यायची नाही, असं ठरलं. रस्त्यावर बाभळीच्या काट्या पडल्या.

बायनाबाईंनी सगळं मनापासून पाळलं. उपासतापास त्यांचे कायमचेच. फक्त घर खायला उठायचं. दोघी जावा, दोघी विधवा, एका चुलीच्या. आणि थोरल्या चंद्रभागाबाईंना कोविड सेंटरला नेलेलं. गाडीत बसताना त्या म्हणाल्या होत्या, “तिथून कुणी माघारी येत न्हाई म्हणत्यात.”

“तुमी या, अक्का. आल्यावर पहिली भाकर माझ्या हातची.”

त्या बऱ्या होऊन आल्या. पण मंगळवार भरायचे होते, म्हणून गावानं त्यांना शिवेपलीकडं, ऊसतोडीच्या मजुरांच्या रिकाम्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत ठेवलं.

“बिस्किटाचे पुडे फेकतो काट्यावरून,” त्यांचा वेगळा राहणारा लेक उत्तरेश्वर अंगणात उभा राहून सांगत होता. “तसेच पडलेत, काकू. ती उठतच न्हाई.”

“आन् तू बघत बसलास व्हय?”

शेजारची मंगल दारातूनच बोलली, “काकू, तुमचा एवढा नेमधरम. तुमीच शीव मोडली अन् आई माझ्या लेकरांवर आली, तर मी कुणाच्या दारात रडू?”

बायनाबाईंना तिचा राग आला नाही. मंगलचा दीर याच साथीत गेला होता.

त्या देव्हाऱ्यापुढं बसल्या. घरातल्या वडीलधारीला विचारावं तसं हळू म्हणाल्या, “आई, तुला शिवेबाहेर बसवली, अक्का बी तिथंच हायत. मी तिकडं जाते. पर तुझे मंगळवार भरल्याबिगर गावात पाऊल टाकत न्हाई.”

मग त्यांनी भाकरी थापल्या. दुधाचा तांब्या, पीठ, एक लुगडं गाठोड्यात बांधलं. चुलीतला इस्तू विझवला आणि कडी लावली.

“माघारी कधी?” मंगलनं विचारलं.

“पाचवा मंगळवार झाला की. तुळशीला तेवढं पाणी घाल.”

बायनाबाईंनी पदर नाकातोंडावरून घट्ट ओढून घेतला, काठीनं बाभळीची एक फांदी बाजूला सारली आणि बांधाची वाट धरली.