टॅडचा आवाज

“त्या जुन्या सिनेमातली शेळी तरी खरी होती,” लिन म्हणाली. “या मालिकेतली बघ. उडी मारते आणि खालचं गवत हलत नाही.”

“तुला ना, जुनं ते सगळं सोनं,” कायली म्हणाली. “माझी पोरं तर जेवण सोडून बसतात मालिकेला. आणि पुस्तकात आहे तसं दाखवलंय सगळं. सिनेमात ती मधली बहीण गायबच केली होती.”

“केली ते बरंच केलं. नुसती रडत असते.”

कांद्याच्या शेडमध्ये चहाची सुट्टी होती. कांदे निवडायचा पट्टा थांबला होता. बायका हातमोजे काढून बाकावर टेकल्या होत्या, तरी हातांचा वास जात नव्हता. कायलीला शेडमध्ये लागून फार दिवस झाले नव्हते. ती रंगात आली.

“आणि तो टॅड! काय गोड पोरगं आहे गं. आवाज ऐकलास? घसा बसल्यासारखा. सिनेमातला टॅड म्हणजे अगदी शाळेत कविता म्हणून दाखवतोय असा बोलायचा.”

लिन उठली, कप विसळला आणि सुट्टी संपायच्या आधीच पट्ट्यापाशी जाऊन उभी राहिली. मागे कुणीतरी कायलीला दबक्या आवाजात सांगितलं, “अगं बये, तिचा भाऊ होता तो.”

‘खिंडीवरची भावंडं’ ही पुस्तकं टास्मानियाच्या त्या भागात घरोघरी होती. लिहिणारी बाई लिनच्या गावापासून, विनक्रॉफ्टपासून, दोन गावं सोडून राहायची. लिन पाच वर्षांची असताना त्यांवर सिनेमा काढणारे विनक्रॉफ्टला आले. त्यांना टेकड्या हव्या होत्या, पोरं हवी होती आणि एक पांढरी शेळी हवी होती. शेळी लिनच्या घरी, फाउल्सांकडे होती. ती फक्त लिनच्या भावाच्या, डॅरिलच्या मागे जायची, दुसऱ्या कुणी दोरी धरली की पाय रोवून उभी राहायची. म्हणून धाकट्या टॅडचं काम डॅरिलला मिळालं. “शेळीला घेतलंय, पोरगा सोबतीला आहे,” असं वडील गावभर सांगत फिरायचे आणि स्वतःच हसायचे.

सिनेमा पुढच्या वर्षी लागला. त्यानंतरच्या हिवाळ्यात बटाट्याच्या उतारावर वडिलांचा ट्रॅक्टर उलटला. वडिलांनी उडी मारली. मागे उभ्या असलेल्या डॅरिलला मारता आली नाही. तो दहा वर्षांचा होता.

वडील त्यानंतर बरीच वर्षं जगले, पण विनोद करायचे थांबले. लिन मोठी झाली, लग्न झालं, नवरा कामासाठी मेलबर्नला गेला तो तिकडचाच झाला. लिन आईपाशी राहिली. तिच्याकडे भावाचे चार फोटो होते आणि तो सिनेमा होता. आधी कॅसेट होती, ती झिजल्यावर दुसरी घेतली, मग डीव्हीडीची तबकडी आली. वाईट दिवस गेला की ती सिनेमा लावायची. आई मात्र त्या वेळी खोलीत थांबायची नाही. कपडे वाळत घालायचे आहेत म्हणायची, कोंबड्यांना बघून येते म्हणायची. लिनला वाटायचं, तिला सहन होत नाही.

आता आई, एल्मा फाउल्स, गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात होती. डोकं शाबूत होतं, डोळे गेले होते. उजेड-अंधार कळायचा, त्यापलीकडे काही नाही.

त्या रविवारी संध्याकाळी लिन गेली, तर आईच्या खोलीतला टीव्ही चालू होता. आई कधी टीव्ही लावायची नाही, रेडिओच ऐकायची. आज खुर्ची टीव्हीच्या इतकी जवळ ओढलेली होती की गुडघे टेकत होते.

“हे कुणी लावलं?” लिन म्हणाली. पडद्यावर नवीन मालिका चालली होती.

“ब्रिजेटनं. गप्प बस.”

“आई, अगं ही ती—”

“लिनी, गप्प बस म्हटलं ना!”

ब्रिजेट म्हणजे तिथली सेविका. ती चहा घेऊन आली आणि दारातूनच लिनला म्हणाली, “मागच्या रविवारी हॉलमध्ये लागली होती, तेव्हापासून हेच. ‘माझ्या खोलीत लावून दे, बाकीची म्हातारी फार खोकतात’ म्हणाल्या.”

लिन पलंगाच्या कडेवर बसली. तिला राहवेना. “डोंगर आपले नाहीतच हे. न्यूझीलंडला जाऊन काढलंय. आणि टॅडचे केस लाल केलेत. आपल्या डॅरिलचे—”

“मला दिसत नाही ते बरंच आहे,” आई म्हणाली. “पुन्हा बोललीस तर बाहेर जा.”

पडद्यावरचा मुलगा बोलू लागला की आईची मान किंचित पुढे व्हायची. तो बोलायचा थांबला की ती मागे टेकायची. लिननं आईला इतकं मन लावून काही ऐकताना पाहिलं नव्हतं, चर्चमध्येसुद्धा नाही. भाग संपल्यावर आई हळूच म्हणाली, “असाच बोलायचा.”

“कोण?”

“कोण म्हणजे? डॅरिल.”

लिन हसली. “काहीतरीच काय आई. डॅरिलचा आवाज किती स्वच्छ होता. सिनेमात ऐक की.”

“सिनेमात डॅरिलचा आवाज नाहीये.”

लिनला वाटलं, झालं, आता हिचं डोकंही चाललं. पण आई शांतपणे सांगत होती. “त्याचा आवाज घोगरा होता, जन्मल्यापासून. शूटिंग संपल्यावर सिनेमावाल्यांनी ठरवलं, हा आवाज लोकांना कळायचा नाही. मग सिडनीच्या कुठल्या शाळेतल्या पोराचा आवाज त्याच्यावर चिकटवला. आम्हाला आधी कुणी सांगितलंच नाही. बर्नी शहरातल्या थिएटरात आपण सगळे गेलो होतो, तू बाबांच्या मांडीवर झोपलीस. पडद्यावर डॅरिलनं तोंड उघडलं आणि त्यातून ते दुसरं पोर बोललं. शेजारी बसलेल्या डॅरिलनं माझा हात धरला. म्हणाला, ‘आई, तो मी नाहीये.’ पिक्चर संपेपर्यंत हात सोडला नाही.”

“तू मला कधी सांगितलं नाहीस.”

“तू तो सिनेमा इतक्या मायेनं बघायचीस. काय सांगणार?”

लिन घरी आली ती चिडूनच. तिला ते खरं वाटेना. सिनेमाच्या शेवटी नावं येतात, त्यात डॅरिल फाउल्स हे नाव ठळक होतं. दुसऱ्या कुणाचं नव्हतं. पुढच्या रविवारी ती तबकडी आणि ती लावायचं घरचं यंत्र पिशवीत घालून घेऊन गेली. आईनं नको म्हटलं तरी सिनेमा लावला. कड्याचा प्रसंग काढला. शेळी कड्यावर अडकते आणि टॅड खालून तिला म्हणतो, “घाबरू नकोस. मी खाली उभा आहे. डोळे मिट आणि ये.”

“बंद कर,” आई म्हणाली.

“नीट ऐक ना. आई, हे तो मलाही म्हणाला होता. गवताच्या शेडवर मी चढून बसले होते, उतरता येईना, तर तो खाली येऊन उभा राहिला आणि हेच म्हणाला. याच आवाजात. त्याचं एवढंच तर आठवतं मला.”

 आईनं हात पुढे करून लिनचा गुडघा चाचपला.

“लिनी, तू शेडवर चढलीस तेव्हा डॅरिल जाऊन वर्ष झालं होतं. तुला बाबांनी उतरवलं.”

“नाही.”

“शिडी लावून उतरवलं. वर मुस्काटात दिली तुझ्या, आणि मग स्वतःच रडत बसले.”

“नाही आई. तो होता.”

“तो तुला असं कधी बोललाच नसता. तो तुला बेडके म्हणायचा. ‘ए बेडके, माझ्या बुटातून पाय काढ.’ असं बोलायचा तो.” आईनं आवाज खरखरीत करून पाहिला. म्हातारीच्या घशातून नुसता खोकला आला.

लिननं पुष्कळ आठवून पाहिलं. बेडकी आठवेना. बूट आठवेनात. मनात डॅरिलला बोलायला लावलं की तो सिडनीच्या पोरासारखाच बोलायचा, शब्द न शब्द स्पष्ट. आयुष्यभर ती एका अनोळखी मुलाची आठवण काढत आली होती. तो मुलगा बहुधा अजून जिवंत होता, कुठेतरी, टक्कल पडलेला, नातवंडं असलेला.

ती यंत्र पिशवीत भरू लागली. आई म्हणाली, “राग आला?”

“नाही.”

“मग चहा सांग ब्रिजेटला. आणि पुढच्या रविवारी वेळेवर ये. वादळाचा भाग आहे.”

लिन वेळेवर गेली. त्या रविवारी गेली, त्यानंतरच्याही. पडद्यावर काय चाललंय ते ती आईला थोडक्यात सांगायची, आणि आई सांगायची की हा ‘नाही’ म्हणताना शेवट जरा ओढतो, डॅरिल तसा ओढायचा नाही, बाकी तोच. एकदा लिननं डोळे मिटून ऐकून पाहिलं. ऐकू येत होता तो लाल केसांचा मुलगा. ती डोळे घट्ट मिटून भावाचा चेहरा आणायचा प्रयत्न करायची आणि चेहरा यायचा, पण आवाज त्याला लागायचाच नाही. आईला मात्र बसल्या जागी मुलगा मिळाला होता. ती जेवू लागली. केस विंचरून घेऊ लागली. “रविवार म्हटला की कार्डिगन मागतात,” ब्रिजेट म्हणाली. लिनला बरं वाटलं आणि तिथेच कुठेतरी दुखलंही. आईच्या शेजारी बसून ती एकटीच होती.

मालिका संपली तेव्हा शेवटी लिहून आलं की पुढचं पर्व येणार आहे. लिननं ते वाचून दाखवलं.

“कधी?”

“लिहिलं नाहीये.”

“मी थांबते,” आई म्हणाली.

ती थांबली. मधल्या काळात लिननं जुने भाग पुन्हा लावायची तयारी दाखवली. आई म्हणाली, ते पाठ झाले, आता तो नवीन काय बोलतो ते ऐकायचंय. एक हिवाळा गेला. दुसऱ्या हिवाळ्यात आईला न्यूमोनिया झाला. डॉक्टरनं लिनला बाहेर नेऊन तयारी ठेवायला सांगितलं. पण आई उठली. उठून बसल्यावर पहिलं विचारलं ते हेच, मालिका सुरू झाली का.

ती वसंतात सुरू झाली. रविवारी संध्याकाळी लिन गेली तेव्हा आई कार्डिगन घालून, खुर्ची पुढे ओढून तयार होती. अंगात काही उरलं नव्हतं. खुर्चीत कुणी नुसते कपडे ठेवावेत तशी दिसत होती. तरी मान सरळ होती.

सुरुवातीचं संगीत झालं. टेकडी, गवत, शेळी. मग उतारावरून एक उंच मुलगा खाली आला. ओठांवर कोवळी लव होती, मनगटं बाहीच्या बाहेर आली होती. ते आईच्या आधी लिनच्या ध्यानात आलं. टीव्ही बंद करावा असं तिला वाटलं, पण रिमोट आईच्या मांडीवर होता.

मुलगा बोलला. आवाज जाड होता, पुरुषी होता. त्यात खरखर कुठेच नव्हती.

“हा कोण?” आईनं विचारलं.

लिन उठून खुर्चीपाशी आली.

“अगं, हा कोण आला? वडील का त्यांचे?”

“वडील नाहीत,” लिन म्हणाली. खोटं काय बोलावं ते तिला सुचेना. “टॅड आहे तो, आई.”

मुलगा आणखी काहीतरी बोलला. बहिणीला हाक मारली, हसला. आईची मान पुढे झाली, तशीच थोडा वेळ राहिली.

“मोठा झाला होय,” ती म्हणाली.

“हो.”

“होणारच. पोरं होतात मोठी.” तिनं मांडीवर चाचपून बटण शोधलं, दोन-तीन चुकीची दाबली, आवाज वाढला, मग पडदा बंद झाला. “आपला कुठला एवढा झाला.”

“मागचे भाग लावू का? आहेत माझ्याकडे.”

“नको. ते पोर आता मोठं झालंय हे कळलं ना. आता ते ऐकून काय करू?” तिनं कार्डिगनची बटणं काढायला सुरुवात केली. वरचं निघेना. लिननं काढून दिलं.

ब्रिजेट कस्टर्ड घेऊन आली. “आज लवकर संपली वाटतं?”

“हो, संपली,” आई म्हणाली. कस्टर्डला तिनं हात लावला नाही.

लिन घरी आली. दिवे लावले. तिला काय करावं ते कळेना, म्हणून तिनं सिनेमा लावला आणि पहिलंच वाक्य ऐकून आवाज पूर्ण बंद केला. त्या पोराचं बोलणं तिला आता ऐकवेना.

मुका सिनेमा ती पहिल्यांदाच पाहत होती. थोरली भावंडं टेबलाशी बसून काहीतरी ठरवतात, तो प्रसंग आला. एरवी ती त्यांचं बोलणं ऐकायची. आज ऐकायला काही नव्हतं, म्हणून तिचं लक्ष कोपऱ्याकडे गेलं. तिथे डॅरिल पाव खात उभा होता. त्याचं या प्रसंगात काही काम नव्हतं. तो पडद्याबाहेर, कॅमेऱ्याच्या मागे कुणाकडे तरी बघत होता. मग तोंडातला पाव गिळून तो हसला आणि काहीतरी बोलला. एक-दोनच शब्द. सिडनीच्या पोरानं इथे काही भरलेलं तिला आठवत नव्हतं. कुणाच्या लक्षातच आलं नसेल.

लिन खुर्चीवरून उठून पडद्याजवळ जमिनीवर बसली. प्रसंग मागे नेला. पुन्हा पाहिला. ओठ मिटले, उघडले, जीभ दिसली न दिसली. तिनं स्वतःच्या ओठांनी तसं करून पाहिलं. काहीच शब्द होईना.

डोळे होते तेव्हा आईनं हे ओठ एकदा नीट पाहिले असते, तर तो काय म्हणाला ते तिला कळलं असतं.

लिननं पुन्हा मागे नेलं. डॅरिल पाव गिळत होता, हसत होता, बोलत होता.