खाच जुळली होती

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाईप केलं, दोनदा पुसलं. ‘मी’ लिहिलं की हात अडतो, म्हणून पाना म्हणतो. दुकानात मला तसंही सगळे पानाच म्हणतात.

तर पाना लॅपटॉप दुरुस्त करतो. शिकला कुठे? कुठेच नाही. उघडत गेला, बिघडवत गेला, त्यातनंच शिकला. त्याचा जिवाभावाचा दोस्त लंबू. लंबूच्या आईला घशाचा कॅन्सर. बुधवारी ऑपरेशन, स्वरयंत्र काढणार, आवाज कायमचा जाणार. त्याआधी तीनशे वाक्यं रेकॉर्ड केली, तर पुढे ती टाईप करेल ते एक प्रोग्राम तिच्याच आवाजात बोलणार होता. पण लंबूचा दहा वर्षांचा लॅपटॉप रेकॉर्डिंग सुरू केलं की हँग व्हायचा.

“रॅम कमी पडतेय,” पाना म्हणाला. “चार जीबीची बारा करतो. म्हातारा पळत सुटेल बघ, काकू.”

“मग माझंही काही जमतंय का बघ,” काकू घोगऱ्या आवाजात म्हणाल्या.

ड्रॉवरमध्ये आठ जीबीची पट्टी पडून होती. खाच जुळली, पट्टी खट्कन बसली, स्क्रीनवर बारा दिसले. नवी रॅम टाकली की पाना एक चाचणी लावतो, तीन-चार तासांची. त्या रविवारी नाही लावली. काकू पाण्याचा पेला घेऊन तयार बसल्या होत्या ना.

पहिली दोन-चार वाक्यं ऐकून पाहिली. एकदम स्वच्छ. मधे लॅपटॉप बंद न करता सोमवारपर्यंत तीनशे झाली.

ऑपरेशननंतर आठव्या दिवशी लंबू लॅपटॉप घेऊन दुकानात आला. “प्रोग्राम गंडलाय रे. आईचा आवाज मधेच किंचाळतो.”

पान्यानं झाकण काढून दोन्ही पट्ट्या हातात घेतल्या. जुन्या पट्टीच्या लेबलवर ‘पीसी थ्री’पुढे एल होता. नवीवर नव्हता. एल म्हणजे कमी व्होल्टेजची. हा लॅपटॉप तेवढंच देतो. खाच मात्र दोन्हींची सारखीच. नवी पट्टी गार असताना चालते, तापली की गुपचूप चुकीचं साठवते. त्यानं आता चाचणी लावली. दोन मिनिटांत स्क्रीन चुकांनी लाल.

‘हो, प्रोग्रामच गंडलाय’ म्हटलं असतं, तर खपून गेलं असतं. लंबूला काय कळणार होतं?

“प्रोग्राम नाही रे. मी गंडलो. रॅम चुकीची टाकली.”

सुरुवातीची तीसेक वाक्यं धड होती, प्रोग्रामनंच वाचायला दिलेली. ‘खिडकीजवळ तीन खुर्च्या आहेत.’ ‘आज हवा कोरडी आहे.’ लंबूला मारायच्या हाका, त्याला घालायच्या शिव्या काकूंनी शेवटी ठेवल्या होत्या. तिथे नुसती खरखर.

“परत मिळेल?”

“नीट साठलंच नाही, तर काढू कुठून?”

लंबू स्टुलावर बसला. टेबलावरचे स्क्रू चाळू लागला. “छातीठोक सांगत होतास.”

“हो.”

“तिला वाटतंय, उद्या लॅपटॉप तिच्या आवाजात बोलेल. मी नाही सांगू शकत तिला. माझ्याच्यानं नाही होणार.”

“तू नको सांगूस. हॉस्पिटलात चारला भेटायला आत सोडतात ना? मी येतो. मीच सांगतो.”

“तिला तर शिव्याही घालता येणार नाहीत तुला.”

“वही आहे ना उशाशी? लिहितील. लिहून होईपर्यंत समोर उभा राहीन, आणि सगळं वाचल्याशिवाय हलणार नाही. नक्की.”