अंगठ्याची दवंडी

आमच्या गावात दवंडी मेली ती छप्पन सालीच. धम्म घेतला त्या दिवशी माझ्या बानं, आबारावनं, हलगी काठीसकट ओढ्यात भिरकावली. ती काठी मग कुणी हातात धरली नाही. कशी धरतील? ऐकायला सगळे पुढं, वाजवायला मात्र कमीपणा.

तरी पुढं एका दुष्काळाच्या वर्षी गावात दवंडी झाली. कागदावर.

उसावर कीड पडली होती. भोवतालच्या गावांतली माणसं कोसभर पाण्याला जायची, पण उसाला पाणी ओढणाऱ्या मोटारी थांबत नव्हत्या. कारखान्यानं फवारणीचं विमान मागवलं. विमानवाल्यांचा नियम असा की उडायच्या आधी गावात दवंडी द्यायची, विहिरी झाकून घ्यायच्या, जनावरं आत बांधायची, आणि तसं पोलीस पाटलाकडून लिहून घ्यायचं. पण वारा सुटायच्या आत उडायचं होतं, दुपारी दुसऱ्या कारखान्यावर जायचं होतं. त्यांचा माणूस उजाडताच आमच्या पोलीस पाटलांकडं, आण्णासाहेबांकडं गेला, चहा प्याला आणि कागद भरून घेऊन परत आला. ओढ्यापलीकडं आमच्या वस्तीत कुणी फिरकलंसुद्धा नाही.

आई पोहरा सोडत होती तेवढ्यात विमान डोक्यावरून गेलं. पांढरं धुकं विहिरीत उतरलं. पाण्यावर तेलाचा तवंग धरला, वास असा की नाकाला पदर लावावा. वस्तीला दुसरं पाणीच नव्हतं.

मी ईट गावच्या शाळेत मास्तरीण, सुट्टीला घरी आलेली. बाला घेऊन माळावर गेले. विमान तिथं उभं होतं, टाकी भरणं चालू होतं. त्या माणसानं कागद माझ्या तोंडासमोर धरला.

"दवंडी दिलेली आहे बाई. हे बघा."

कागदावर लिहिलं होतं: दवंडी देणारा, आबाराव. खाली निळा अंगठा.

"माझा बा सही करतो," मी म्हणाले. "हा अंगठा कुणाचा?"

"घाई होती हो. रकाना रिकामा राहिला तर पायलट साहेब उडत नाहीत. पाटील म्हणाले, दवंडी म्हटलं की आबाच."

काळा चष्मा लावलेला पायलट सिगारेट ओढत घड्याळ बघत होता. कागद भरला की त्याचं काम झालं. ज्या माणसानं काठी टाकली, त्याच्या हातात यांनी ती चहाच्या कपाबरोबर परत दिली होती.

तेवढ्यात आण्णासाहेब धापा टाकत आले. आता फेरी गावाच्या बाजूला होती आणि गावाची विहीर सताड उघडी होती.

"जरा दम खा की," ते पायलटला म्हणाले.

"कागद पुरा आहे," पायलट म्हणाला. "टाकी भरली की निघणार."

पाटील बाच्याकडं वळले. "आबा, लई घाई झालीय. एखादा डबा घे बडवायला, एवढी दवंडी दे बरं."

बा शांतपणे म्हणाला, "दिलीय की म्या. अंगठा हाय न्हवं माझा?"

पाटलांनी हात धोतरात लपवला. अंगठ्याची निळी शाई अजून गेली नव्हती.

मग धोतर खोचून आण्णासाहेब स्वतः पळाले. "विहीर झाका! जनावरं आत घ्या!" गल्लोगल्ली बोंबलत सुटले. बाया दारात येऊन तोंडाला पदर लावून हसल्या. विहिरीवर ताडपत्री पडली आणि गावाचं पाणी वाचलं.

विमान गेल्यावर वस्तीतल्या बाया घागरी घेऊन गावच्या विहिरीवर गेल्या. पुढं माझी आई, चांगुणा. त्या काठावर आमच्यापैकी कुणी कधी पाय ठेवला नव्हता.

आण्णासाहेब आडवे आले. "चांगुणे, हितं कुठं?"

"आमची हीर नासली," आई म्हणाली. "तुमच्या अंगठ्यानं."

ते बाच्याकडं बघू लागले, मग माझ्याकडं. मी मास्तरीण, वर तक्रार लिहून धाडू शकते, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. त्यांनी ताडपत्रीचं टोक स्वतःच उचललं.

"बरं, आजच्या दिवस भरा."

आजच्या दिवस! विष यांनी कालवायचं आणि पाण्याची मेहरबानीही यांनीच करायची. मला किळस आली त्या माणसाची.

आईनं पोहरा सोडला. बा काठावर येऊन उभा राहिला.

"आजच्या दिवस न्हाय, पाटील. आमची हीर निवळंस्तवर हितलंच पाणी. समद्या गावाला कळू द्या."

"म्हंजे?"

"दवंडी द्या की. सकाळपासनं गळा चांगला सुटलाय तुमचा."